दोन सूर्य आणि एकही चंद्र नाही

मे महिन्याच्या सुट्टीत भाची आमच्याकडे रत्नागिरीला आली, तेव्हा तिच्या वहीत एक ग्रह होता. जांभळी झाडं, तीन चंद्र, एकमेकांना जवळजवळ चिकटलेले दोन सूर्य, प्रत्येक माणसाच्या पायाशी दोन सावल्या आणि खाली कथेची पहिली दोन पानं. ग्रहाचं नाव सावळी. "मावशी, हा खरा वाटतो का?" असं तिनं विचारलं आणि पुढचे आठ दिवस आम्ही दोघी कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. त्या आठ दिवसांत जे केलं ते इथे सविस्तर मांडते, कारण विज्ञानकथा लिहू पाहणाऱ्या बऱ्याच जणांना ते उपयोगी पडेल असं मला मनापासून वाटतं.

पहिली गोष्ट मी तिला सांगितली ती अशी: ग्रह रचताना शोध फार थोडे लावायचे असतात. तारा कोणता, ग्रह किती वजनदार, स्वतःभोवती किती वेळात फिरतो, चंद्र आहे की नाही, एवढं तू ठरव. बाकीचं बहुतेक सगळं त्यातून आपोआप ठरतं. वर्ष किती दिवसांचं, आभाळात सूर्य केवढा, समुद्राला भरती कधी, भात पिकेल की नाही, याबद्दल तुझं-माझं मत कुणी विचारत नाही. एका आकड्याला हात लावला की दुसरे चार हलतात. आणि कथेला लागणारी सगळ्यात चांगली सामग्री त्या हललेल्या आकड्यांत सापडते, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

तर आधी तारा. मनानं बनवलेला तारा चालतो, पण खराखुरा तारा घेतला तर त्याची मोजमापं आयती मिळतात. रात्री अकराच्या सुमाराला आम्ही गच्चीवर गेलो. दक्षिणेला त्रिशंकू उजवीकडे कलला होता आणि त्याच्या डावीकडे नरतुरंगातले दोन ठळक तारे होते. त्यातला डावीकडचा, अधिक तेजस्वी, तो मित्र, म्हणजे इंग्रजीतला अल्फा सेंटॉरी. आपल्याकडून तो क्षितिजाच्या वर जेमतेम बारा अंश येतो, म्हणजे हात लांब करून धरलेल्या मुठीपेक्षा थोडा वर. दिल्लीहून तर तो क्षितिजाला टेकल्यासारखाच असतो. रात्रीच्या आकाशातल्या ताऱ्यांत तेजाच्या क्रमानं हा तिसरा, आणि तो एक तारा नाहीच. दुर्बिणीतून त्याचे दोन होतात. तिसरा एक अगदी मंद भाऊबंद त्यांच्यापासून बराच दूर आहे. आपल्यापासून हे कुटुंब साधारण ४.४ प्रकाशवर्षांवर, म्हणजे ताऱ्यांच्या हिशोबात शेजारच्या आळीत.

जोडीतल्या मोठ्याला आम्ही थोरला म्हटलं, लहानाला धाकटा. थोरला सूर्यापेक्षा थोडा वजनदार आणि दीडपट तेजस्वी. धाकट्याचं वस्तुमान सूर्याच्या ०.९१ पट, पण तेज फक्त निम्मं. दोघं एकमेकांभोवती सुमारे ८० वर्षांत एक फेरी मारतात. ही फेरी गोल नाही, चांगलीच लांबुळकी आहे. पृथ्वी ते सूर्य हे अंतर, म्हणजे सुमारे १५ कोटी किलोमीटर, एक वाव धरलं, तर दोघं जवळ येतात तेव्हा त्यांच्यात ११ वाव अंतर असतं आणि लांब जातात तेव्हा ३५ च्या पुढे. १९५५ च्या सुमारास ते एकमेकांच्या सर्वात जवळ होते, २०३५ मध्ये पुन्हा येतील.

आता सावळीला ठेवायचं कुठे? भाचीच्या चित्रात ती दोन सूर्यांच्या मधोमध लोंबकळत होती. तसं होत नाही. दोन ताऱ्यांच्या घरात ग्रहाला दोनच जागा सुरक्षित असतात. एक, दोघांपैकी एकाच्या अगदी जवळ, जिथे दुसऱ्याची ओढ त्याला उचलून नेऊ शकत नाही. दुसरी, दोघांच्याही पुष्कळ बाहेर, जिथून ते दोघं मिळून एकच वाटतात. दुसऱ्या प्रकारचा खरा ग्रह २०११ मध्ये केप्लर दुर्बिणीनं दाखवला आहे: केप्लर-१६ बी. त्याचे दोन सूर्य एकमेकांभोवती ४१ दिवसांत फिरतात आणि तो दोघांना मिळून २२९ दिवसांत फेरी घालतो. मधल्या पट्ट्यात मात्र ग्रह फार काळ टिकत नाही, फेकला जातो किंवा आदळतो. मित्रच्या जोडीसाठी संगणकावर केलेली गणितं सांगतात, की धाकट्याभोवती साधारण अडीच-तीन वावांपर्यंत ग्रह अब्जावधी वर्षं टिकू शकेल. म्हणजे जागा आहे.

तिथे खरोखर ग्रह आहे का? २०१२ मध्ये धाकट्याभोवती सव्वातीन दिवसांत फिरणारा पृथ्वीएवढा ग्रह सापडल्याची मोठी बातमी झाली होती. २०१५ मध्ये त्याच निरीक्षणांची नीट फेरतपासणी झाली आणि तो ग्रह नव्हता, निरीक्षणं ज्या ज्या वेळी घेतली गेली त्यातून उमटलेला भास होता, असं निघालं. २०२५ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीला थोरल्याच्या बाजूला एका मोठ्या वायुग्रहाची संशयित खूण दिसली आहे. धाकट्याची पाटी अजून कोरी आहे. कथेला अशीच पाटी हवी.

किती अंतरावर ठेवायचं, हा हिशोब स्वयंपाकघरात समजतो. दिव्यापासून दुप्पट लांब गेलं की उजेड निम्मा होत नाही, चौथा हिस्सा होतो. धाकटा निम्म्या तेजाचा आहे, तर पृथ्वीला मिळते तेवढीच ऊब हवी असेल तर निम्म्याचं वर्गमूळ काढा: ०.७१. सावळी ०.७१ वावावर. आणि एकदा हे अंतर ठरलं की वर्ष आपल्या हातात राहत नाही. केप्लरनं १६१९ मध्ये मांडलेला आणि पुढे न्यूटननं वस्तुमान धरून पक्का केलेला नियम आहे: अंतराचा घन करा, त्याला ताऱ्याच्या वस्तुमानानं भागा, वर्गमूळ काढा, वर्षं मिळतात. उत्तर आलं ०.६२ वर्ष, म्हणजे सुमारे २२८ दिवस. भाचीच्या कथेत सावळीचं वर्ष "पाचशे दिवसांचं" होतं. ते खोडलं तेव्हा ती थोडी हिरमुसली, पण मग तिनंच विचारलं, "म्हणजे इथली माझ्याएवढी मुलगी तिथे वीस वर्षांची?" ती साडेबारा वर्षांची आहे. बरोबर वीस.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं वर्षाचा प्रश्न शेतात नेला, आणि मला ती दिशा फार आवडली. समजा सावळीवरही पावसाळा वर्षाचा तिसरा हिस्सा चालतो. आपल्याकडे ते चार महिने होतात. तिथे होतील ७६ दिवस. आपलं हळवं भात, म्हणजे लवकर येणारं, तेही पेरणीपासून कापणीपर्यंत नव्वद-शंभर दिवस घेतं. गरवं तर त्याहून महिना-दीड महिना जास्त. सावळीवर भाताची लोंबी भरण्याआधी पाऊस संपलेला असेल. मग तिथली माणसं काय खातील? कंदमुळं, दोन वर्षं जमिनीत राहणारी पिकं, की वर्षभर पाणी देणाऱ्या नदीकाठालाच चिकटलेली वस्ती? ही सगळी कथा एका वर्गमुळातून निघाली.

मग वजन. मोठ्या ग्रहाचा मोह सगळ्यांना होतो, कारण मोठं म्हणजे भव्य. पण पृथ्वीच्या साधारण दीड-पावणेदोन पट त्रिज्येच्या पुढचे बहुतेक ग्रह निव्वळ खडकाचे नसतात, त्यांच्यावर वायूचं जाड पांघरूण असतं आणि पाय ठेवायला जमीन नसते. उलटी बाजूही आहे: मंगळ पृथ्वीच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याएवढा आहे, आणि त्याच्या हवेचा मोठा भाग त्याला सांभाळता आला नाही. आम्ही पृथ्वीच्या दीडपट वस्तुमान घेतलं. खडकाळ ग्रह वजनानं वाढला की आतून दाबलाही जातो, त्यामुळे त्रिज्या दीडपट होत नाही, फक्त १.१ पटीच्या आसपास जाते. वस्तुमान भागिले त्रिज्येचा वर्ग, असं केलं की गुरुत्व निघतं: पृथ्वीच्या १.२ पट.

एक पंचमांश जास्त, ऐकायला काहीच नाही. म्हणून आम्ही पंधरा लिटरचा पाण्याचा हंडा भरला. भाचीनं तो कमरेवर घेतला आणि विहिरीपासून मागच्या दारापर्यंत आणला. मग मी त्यात तीन लिटरची पिशवी ठेवली आणि पुन्हा तोच रस्ता चालायला सांगितलं. दाराशी पोचल्यावर तिनं हंडा न बोलता खाली ठेवला, हाताच्या कोपराची आतली बाजू लाल झाली होती. "आणि मी स्वतःपण जड असणार," ती म्हणाली. हो. चाळीस किलोच्या मुलीला अठ्ठेचाळीस किलोची वाटेल, झोपेतसुद्धा, जिना चढतानासुद्धा, पडल्यावर तर नक्कीच. पिढ्यान् पिढ्या तिथे राहिलेले प्राणी बुटके, जाड हाडांचे, सावध पावलांचे होतील. डोंगरही आपल्याएवढे उंच वाढणार नाहीत, स्वतःच्या भारानं त्यांचा पायथा लवकर दबेल. आपलं एव्हरेस्ट ८,८४९ मीटर आहे, तिथे सगळ्यात उंच शिखर सात-साडेसात हजाराला थांबलं तर बरोबर वाटेल. हे नियमावर बोट ठेवून काढलेलं अचूक उत्तर नाही, पण दिशा खरी आहे.

आता आभाळ, आणि इथे मला थोडं रेंगाळायचं आहे.

धाकट्याला खगोलशास्त्रात नारिंगी बटू म्हणतात. हा शब्द वाचून लोक नारिंगी दुपार रंगवतात. धाकट्याचा पृष्ठभाग साधारण ५,२६० अंश केल्विनवर तापलेला आहे, सूर्य ५,७७२ वर. एवढ्या फरकानं भरदुपार पांढरीच दिसेल, फारतर किंचित उबदार. त्या कुटुंबातला तिसरा, तो तांबडा बटू, त्याचंही तेच. त्याचं तापमान ३,००० च्या आसपास आहे. घरात पूर्वी लावायचो तो पिवळा बल्ब, तोही साधारण एवढ्याच तापमानाचा उजेड द्यायचा. त्या बल्बाखाली आपण अभ्यास केला, भाकऱ्या भाजल्या, आणि भिंती रक्तासारख्या लाल कधी दिसल्या नाहीत. तांबड्या ताऱ्याच्या कथांमधली लालभडक दुपार त्या बल्बाकडे बघून दुरुस्त करता येते.

त्या तांबड्या ताऱ्याभोवती २०१६ मध्ये एक ग्रह सापडला आहे, पृथ्वीपेक्षा थोडा जड, ११ दिवसांचं वर्ष असलेला. तो ताऱ्याच्या इतका जवळ आहे, की बहुधा त्याची एकच बाजू कायम ताऱ्याकडे वळलेली असेल, आपला चंद्र आपल्याला एकच चेहरा दाखवतो तशी. रात्री वीज गेली होती तेव्हा भाचीला हे संत्रं आणि बॅटरी घेऊन दाखवलं. अर्धं संत्रं कायम उजेडात, अर्धं कायम अंधारात, आणि मध्ये कायमच्या संध्याकाळची एक कड. सावळीला ही अडचण नाही, ती पुरेशी लांब आहे. म्हणून तिचा दिवस आम्ही मोकळेपणानं निवडला: ३० तास. वर्षात १८२ सावळी-दिवस.

आभाळात धाकटा आपल्या सूर्यापेक्षा सव्वापट रुंद दिसेल. आणि थोरला? तो दिसेल एक ठिपका, अगदी बारीक, पण बघवणार नाही असा. जवळ असताना त्याचा उजेड पृथ्वीवरच्या उन्हाच्या १.२ टक्के. टक्का ऐकून फसू नका. पौर्णिमेच्या चंद्रापेक्षा सूर्य सुमारे चार लाख पट तेजस्वी आहे. म्हणजे थोरला जवळ असताना जवळपास पाच हजार पौर्णिमांचा उजेड एका टाचणीच्या टोकातून येईल. लांब गेला तरी पाचशे पौर्णिमांचा. जवळ असताना रात्री अंगणात सुईत दोरा ओवता येईल, लांब असताना पेपर वाचता येईल.

दिवसा मात्र हाच थोरला हरवतो. धाकट्याच्या उन्हापुढे एक टक्का म्हणजे काहीच नाही, आभाळाचा निळा उजेडच त्याहून कितीतरी जास्त असतो. त्यामुळे चित्रातल्या त्या दोन सावल्या दुपारी दिसणार नाहीत. दिसतील त्या संध्याकाळी, धाकटा बुडता बुडता, थोडाच वेळ: एक सावली विरत चाललेली आणि दुसरी, सुईसारख्या धारेची, उगवत असलेली. भाचीनं चित्रातल्या सावल्या खोडल्या नाहीत. तिनं चित्रातली वेळ बदलली.

उष्णतेचं काय? थोरला जवळ येतो-जातो त्यानं सावळीला मिळणारी एकूण ऊब एक टक्क्यानं बदलते. नुसत्या हिशोबानं तापमान पाऊण अंशाच्या आसपास हलेल. ढग आणि बर्फ त्यात भर घालतील, खोल समुद्र तो बदल सावकाश करेल. म्हणजे दोन सूर्य आहेत म्हणून ग्रह भाजून निघणार नाही. थोरल्याची सत्ता ऊन्हावर नाही, रात्रीवर आहे.

ती कशी, ते अंगणात उभं राहूनच कळतं. मी मध्ये उभी राहिले, मी धाकटा. कुंपणापलीकडचा दिवा थोरला. भाची माझ्याभोवती फिरू लागली. ती माझ्या आणि दिव्याच्या मध्ये आली, की माझ्याकडे तोंड करताना दिवा तिच्या पाठीशी: म्हणजे धाकटा मावळतो तेव्हा थोरला उगवतो, रात्र होतच नाही. ती माझ्या पलीकडे गेली, की मी आणि दिवा एकाच बाजूला: दोघं बरोबर उगवतात, बरोबर मावळतात आणि मग खरी, काळीकुट्ट रात्र. म्हणजे वर्षाचा काही भाग उजळ रात्रींचा, काही भाग काळोख्या रात्रींचा. ऊन, पाऊस, थंडी यांच्या जोडीला सावळीवर काळोख हा एक ऋतू आहे. दोघांच्या कक्षा साधारण एकाच पातळीत आहेत, एवढं फक्त धरायचं.

या ऋतूचे परिणाम लिहायला बसलो तर वही संपेल. रातराणी आणि प्राजक्त कधी फुलतील? उजेड टाळणारी पाखरं, वटवाघळं, पतंग यांना शिकार करायला वर्षातले थोडेच महिने. मासे पकडायला समुद्रात मशाल घेऊन जाण्याची गरज थोडेच महिने. दिव्याचं तेल वर्षातल्या एकाच काळात महाग.

आणि काळोखाचा ऋतू जागेवर राहत नाही. थोरला ८० वर्षांत आभाळाची फेरी पुरी करतो, म्हणून काळोख दर सावळी-वर्षी सरासरी पावणेदोन दिवसांनी पुढे सरकतो. आपल्याला ही कटकट ओळखीची आहे. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा अकरा दिवसांनी कमी पडतं, म्हणून आपण दर बत्तीस-तेहतीस महिन्यांनी अधिक मास घालतो आणि दिवाळीला पावसाळ्यात घसरू देत नाही. सावळीच्या पंचांगकर्त्यांपुढेही तोच प्रश्न असेल: सण काळोखाला बांधायचे की पिकाला? काळोखाला बांधले तर एकाच माणसाच्या आयुष्यात तोच सण उन्हाळ्यात, पावसात आणि थंडीत येऊन जाईल. ८० वर्षं म्हणजे एक भरलेलं आयुष्य. आपल्याकडे एवढ्या वयात सहस्रचंद्रदर्शन करतात. १९५५ मध्ये जन्मलेल्या माणसानं तिथे जन्मताना सगळ्यात उजळ रात्री पाहिल्या असत्या, चाळिशीत सगळ्यात मंद, आणि २०३५ मध्ये पुन्हा तोच लख्ख उजेड. माझ्या मते भाचीच्या कथेचा कणा इथे आहे, तिनं तो अजून पूर्ण वापरलेला नाही.

सहस्रचंद्रदर्शन म्हटल्यावर चंद्राचा विषय निघालाच. तिचे तीन चंद्र मी काढायला लावले नाहीत, फक्त एकही नसेल तर काय होईल ते बघू म्हटलं. कोकणात वाढलेल्या माणसाला भरती म्हणजे चंद्र. आमच्याकडे जुने लोक तिथीची पाऊणपट करून भरतीची ढोबळ वेळ काढतात: चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. पुनवेला-अवसेला उधाण, अष्टमीला भांग, म्हणजे सगळ्यात लहान भरती. चंद्र नसेल तर समुद्र मेला, असं भाचीला वाटलं होतं.

पण भरती सूर्यही आणतो. आपल्याकडे त्याचा वाटा चंद्राच्या जवळजवळ निम्मा आहे, उधाण येतं ते दोघांची ओढ एका रेषेत आल्यामुळे. आणि ही ओढ अंतराच्या वर्गानं नाही, घनानं वाढते. सावळी आपल्या सूर्याच्या जास्त जवळ आहे. हिशोब केला: ०.९१ ला ०.७१ च्या घनानं भागलं, आपल्या सूर्याच्या अडीचपटीहून जास्त आलं. ग्रहाचा आकार आणि गुरुत्वही धरलं, तर धाकटा एकटाच आपल्या चंद्रापेक्षा थोडी मोठी भरती आणतो. थोरला घनाच्या हिशोबात इतका मागे पडतो, की समुद्राला त्याची खबरही नसते.

म्हणजे सावळीवर भरती आहे, पण ती रोज त्याच वेळी येते. आपली भरती रोज पाऊण-एक तासानं पुढे सरकते कारण चंद्र पुढे सरकतो. तिथे भरती दिवसाला खिळलेली. उधाण नाही, भांग नाही. किनाऱ्यावरच्या मुलीला घड्याळ लागणार नाही, पायाला पाणी लागलं की वेळ कळेल. होड्या रोज त्याच वेळी बाहेर पडतील, बाजार रोज त्याच वेळी भरेल. आणि महिना हा शब्दच नसेल, कारण महिना चंद्रानं दिला. भाचीनं तिन्ही चंद्र स्वतःहून खोडले.

हवेबद्दल थोडक्यात, कारण तिथे चुका कमी नसतात पण दुरुस्ती सोपी असते. श्वास घेता येण्याजोगा ऑक्सिजन आयता पडलेला नसतो. तो लोखंडाला गंज चढवतो, खडकात शिरतो, संपतो. पृथ्वीच्या हवेत तो टिकून राहू लागला तो साधारण २४० कोटी वर्षांपूर्वी, आणि तोही सूक्ष्म जीव सतत बनवत होते म्हणून. तुमच्या ग्रहावर माणूस मुखवटा काढून श्वास घेत असेल, तर तिथे हिरवट-निळसर काहीतरी फार मोठ्या काळापासून जिवंत असलं पाहिजे. मित्र हे कुटुंब सूर्यापेक्षा थोडं वयस्कर मानतात, तेव्हा वेळ भरपूर आहे. हवेत ऑक्सिजन सोळा टक्क्यांच्या खाली ठेवलात तर चूल पेटणं कठीण, हेही लक्षात ठेवा. जांभळ्या झाडांना मी हरकत घेतली नाही. पानांनी कोणता रंग गिळावा आणि कोणता परत पाठवावा हे जीवसृष्टीच्या इतिहासावर ठरतं, तिथे लेखकाला खरी मुभा आहे.

शेवटचे दोन दिवस नकाशात गेले. तिच्या नकाशात एक नदी डोंगरातून निघून वाटेत तीन फाटे फुटून तीन समुद्रांना मिळत होती, आणि वाळवंट "इथे छान दिसतं" म्हणून मध्ये होतं. नद्या वाटेत एकमेकींना मिळतात, फुटतात त्या मुखाशी. आणि त्या जवळचा समुद्र शोधत नाहीत, उतार शोधतात. महाबळेश्वरला उगवणारी कृष्णा अरबी समुद्रापासून हाकेच्या अंतरावर असून पाठ फिरवते आणि सुमारे १,४०० किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला जाते. वाळवंटाचं उत्तरही त्याच घाटात आहे. महाबळेश्वरला वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. वीसेक किलोमीटरवर पाचगणीला त्याचा तिसरा हिस्सा. घाट उतरून वाईला आलं की तोही निम्म्याहून कमी, आणि पुढे फलटणकडे दुष्काळी पट्टा. वारा ओला असताना डोंगर चढतो, गार होतो, पाणी टाकतो आणि कोरडा होऊन पलीकडे उतरतो. भाचीला पसरणी घाट चांगला माहीत आहे, दोन वेण्या घालून खिडकीत बसून तिनं तो दर उन्हाळ्यात बघितला आहे. तिला फक्त विचारलं, सावळीवर वारा कुठून वाहतो? तिनं बाण काढला, डोंगर आडवा घातला, आणि वाळवंट स्वतःच्या जागी जाऊन बसलं.

निघायच्या आदल्या रात्री तिनं विचारलं, तिथून आपण दिसतो का? दिसतो. मित्रकडून पाहिलं तर बहुतेक तारकासमूह आपल्या ओळखीचेच राहतात, कारण त्यांचे बरेचसे तारे खूप लांब आहेत. शर्मिष्ठेचा तो वाकडातिकडा इंग्रजी डब्ल्यू तिथेही तसाच, फक्त त्याच्या टोकाला सहावा तारा, मृगातल्या काक्षीएवढा तेजस्वी. तो आपला सूर्य. आणि त्या तिघांतला मंद तांबडा भाऊ? तोही डोळ्यांना जेमतेम दिसेल, हजार फिक्या ताऱ्यांतला एक.

पण थोरला आभाळाच्या ज्या भागात असतो, तो भाग काळोखात कधीच दिसत नाही, कारण तो भाग वर आला की थोरलाही वर येतो. शर्मिष्ठा थोरल्याच्या त्या वाटेच्या अगदी जवळ आहे. म्हणजे सावळीवर सलग काही वर्षं अशी जातील, की तो सहाव्या ताऱ्याचा डब्ल्यू कुणालाच दिसणार नाही. आजीनं लहानपणी पाहिलेला तारा नातीला नुसता ऐकून माहीत असेल.

भाचीनं वहीचं पान उलटलं आणि नवीन पहिलं वाक्य लिहायला घेतलं. मग थांबून विचारलं, "आजीनं सांगताना तो पिवळा म्हणावा का?"

"पांढरा," मी म्हटलं. "किंचित पिवळसर."